यादीकाका आणि दोनची वेळ

यादीकाका कुठल्याही हॉलमध्ये शिरले की आधी एका खुर्चीवर बसून बघायचे, मग दुसरीवर. पाठ टेकून बघायचे, पाय डुगडुगतात का ते बघायचे आणि कोटाच्या खिशातली छोटी वही काढून लिहायचे, "खुर्च्या कडक. उशी आणावी." मग वॉशरूम कुठे आहे ते शोधायला जायचे. कार्यक्रम अजून चार दिवसांवर असायचा.

ईशा, परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, त्या गावात तुम्ही बोअर नाही झालात?" आणि रोहन मागून म्हणाला, "देअर वॉज नथिंग देअर, राइट?" याचं उत्तर फोनवर देण्याइतकं लहान नव्हतं, म्हणून लिहिते आहे. आई तुम्हाला वाचून दाखवेल. कळलं नाही तर तिला तिथेच थांबवा, पुढे जाऊ देऊ नका.

आमचं गाव म्हणजे लंडन. इंग्लंडमधलं नव्हे, कॅनडात ऑन्टारिओच्या दक्षिण भागात आहे ते. टोरांटोहून गाडीने दोन तास. नदीचं नावसुद्धा थेम्सच. मार्कहॅमला किंवा टोरांटोला राहणारे आपले लोक आम्हाला विचारायचे, "तिकडे वेळ कसा जातो तुमचा?" आजोबा युनिव्हर्सिटीत शिकवायचे आणि मी पब्लिक लायब्ररीच्या एका शाखेत काम करत असे. दाराजवळच्या नोटिस बोर्डाची जबाबदारी माझी. मुदत संपलेले कागद काढायचे, नवे कागद चारही कोपऱ्यांना टाचणी लावून सरळ लावायचे. मला ते काम मनापासून आवडायचं. वाकडा कागद मला आजही बघवत नाही.

दर गुरुवारी सकाळी दहाला दार उघडलं की पहिले आत येणारे काका. उंच, वाळलेले, कानावरून ओढलेली लोकरीची टोपी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला एक कागद. टाइपरायटरवर टाइप केलेला. वर इंग्रजीत "या आठवड्यात आपल्या शहरात" आणि खाली यादी. चर्चमधल्या गायकवृंदाची तालीम, गोधड्यांचं प्रदर्शन, पोलिश लोकांचं नृत्य, आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलेली मातीची भांडी, कुणाच्या तरी गॅरेजमध्ये वाजवणारा चार जणांचा बँड. प्रत्येकापुढे वार, वेळ, बसचा नंबर आणि काकांचा शेरा. "हीटिंग नाही, कोट काढू नये." "कॉफी चांगली." "दार मागच्या बाजूला, पुढचं ढकलत बसू नये."

कार्यक्रम चांगला की वाईट याबद्दल एक अक्षर नसे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बाई, कलेबद्दल मत देणारे पुष्कळ आहेत. खुर्चीबद्दल कोणी सांगत नाही."

त्यांच्या तोंडून मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चकित झाले होते. तोपर्यंत त्यांना मी इटालियन समजत होते. ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. कित्येक शतकांपूर्वी त्यांचे पूर्वज अलिबागच्या बाजूला समुद्रातून येऊन किनाऱ्याला लागले, असं ते लोक सांगतात. आडनाव गावावरून पडलेलं, आपल्यासारखंच शेवटी "कर" असलेलं. घरची भाषा मराठी, घरात नारळाच्या दुधातली आमटी, आणि शनिवारी शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस. शब्बाथच्या दिवशी ते लिहीत नसत आणि गाडीत बसत नसत. आमच्या मराठी मंडळाचे कार्यक्रम नेमके शनिवारी असायचे, तेव्हा काका शहराच्या दुसऱ्या टोकाहून चालत यायचे. बर्फात सव्वा तास. कुणी वाटेत गाडी थांबवली तर हात हलवून पुढे जा म्हणायचे. हॉलवर आरती चालू असेल तर दाराजवळ टोपी काढून उभे राहायचे आणि नाटक सुरू व्हायच्या आधी दुसऱ्या रांगेत येऊन बसायचे.

नेहमी दुसरी रांग. पहिल्या रांगेतला माणूस कलाकाराला घाबरवतो, असं त्यांचं मत होतं.

वेळेच्या बाबतीत मात्र त्यांच्याशी गंमत चालायची नाही. मुंबईला ते बंदराच्या ऑफिसात होते. भरती-ओहोटीची कोष्टकं छापायला जायच्या आधी तपासणं हे त्यांचं तीस वर्षांचं काम. "एक आकडा चुकला की होडी चिखलात बसते," ते म्हणायचे. "आणि होडीतला माणूस मला ओळखत नसतो. तो फक्त कागदावर विश्वास ठेवून निघालेला असतो." म्हणून यादीतली प्रत्येक वेळ ते स्वतः जाऊन, विचारून, खात्री करून लिहायचे.

आमच्या मंडळाचा आणि वेळेचा संबंध तुम्ही तुमच्या आईला विचारा. चारचा कार्यक्रम पाचला सुरू होणार हे सगळ्यांना माहीत, म्हणून सगळे पाचला निघणार, म्हणून तो साडेपाचला सुरू होणार. नाटक चालू असताना काका दारात उभे राहायचे आणि उशिरा आलेल्यांना बाहेर अडवून धरायचे. "आत बोलणं चाललंय. प्रवेश संपला की सोडतो." हातात डब्यांच्या पिशव्या घेऊन आपली डॉक्टर, इंजिनिअर मंडळी कॉरिडॉरमध्ये शाळेतल्या मुलांसारखी भिंतीला टेकून उभी असायची. चिडायचीही कुणी कुणी. पण काका दारातून हटले नाहीत.

एका संध्याकाळी दोन कार्यक्रम असले तर त्यांची एक पद्धत होती. दोन्हीकडे फोन करायचे, "किती लोक येतील असं वाटतं?" आणि जिथे कमी, तिथे जायचे. मी म्हटलं, हे उलटं नाही का? त्यांना प्रश्न कळला नाही. "गर्दीला माझी काय गरज आहे, बाई?"

एकदा फेब्रुवारीत एक निवृत्त पोस्टमन स्वतःच्या कविता वाचणार होता. जागा एका चर्चचं बेसमेंट. त्या दिवशी बर्फाचं वादळ होतं, शाळा बंद होत्या. आजोबा म्हणाले, "वेड लागलंय का तुम्हाला?" पण काकांनी फोन करून विचारलं होतं, मी येते का, आणि मी हो म्हटलं होतं. पोचलो तर तीस खुर्च्या आणि आम्ही दोघं. मी काकांच्या शेजारी बसायला गेले तर त्यांनी हळूच सांगितलं, "बाई, तुम्ही तिकडे, डावीकडे बसा. जवळ बसलो तर दोनच माणसं दिसतात. लांब बसलो की प्रेक्षक दिसतात." मग त्यांनी स्वतःचा कोट मधल्या एका खुर्चीच्या पाठीला अडकवला, मफलर दुसऱ्या खुर्चीला, जणू कोणी उठून वॉशरूमला गेलं आहे. पोस्टमन म्हणाला, पुढच्या आठवड्यात करू या का? काका इंग्रजीत म्हणाले, "आम्ही आलो आहोत. कृपा करून सुरू करा." त्याने दीड तास वाचलं. कविता बऱ्याचशा कुत्र्यांबद्दल होत्या. काकांनी एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. मी बघितलं, तीनदा.

ही यादी मी पुढे ईमेलनेही पाठवू लागले. काकांकडे कॉम्प्युटर नव्हता. गुरुवारी बोर्डवर कागद लावला की त्यावरून मी टाइप करायचे आणि मंडळाच्या सगळ्या घरांना पाठवून द्यायचे. मला वाटतं सहा-सात वर्षं असं चाललं.

मग एका हिवाळ्यात काका बस स्टॉपवर घसरले आणि डावं मनगट मोडलं. मुलगी मॉन्ट्रियलला. ती आली आणि तिने ठरवूनच टाकलं की बाबांनी आता तिच्याकडे राहायचं. प्लॅस्टर निघालं की महिनाअखेरीला सामान हलवायचं. काकांनी मला लायब्ररीत येऊन सांगितलं, ते असं: "तिकडे यादी फ्रेंचमध्ये करावी लागेल. ते या वयात जमणार नाही." आणि मग, "जायच्या आधी एक कीर्तन करायचं म्हणतोय."

मी विचारलं, कोणाचं कीर्तन?

"माझं."

तेव्हा मला कळलं की त्यांच्यातही मराठीतून कीर्तनं होत. बायबलमधल्या गोष्टी, पण चाली आपल्या, पेटी आपली, झांजा आपल्या. काकांची आत्या कीर्तन करायची. नऊवारी नेसून, गावातल्या घराच्या ओसरीवर, आणि लहानपणी काका तिच्या मागे झांज घेऊन उभे राहायचे. तिचं योसेफाचं आख्यान प्रसिद्ध होतं. योसेफाला त्याचे भाऊ परदेशी व्यापाऱ्यांना विकून टाकतात. तो मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, मोठा अधिकारी होतो. पुढे दुष्काळात तेच भाऊ त्याच्यापुढे धान्य मागायला उभे राहतात आणि त्याला ओळखत नाहीत, कारण तो त्यांच्याशी दुभाष्यामार्फत बोलतो. त्याला त्यांचं सगळं बोलणं कळत असतं.

"आत्यानंतर ते कुणी केलं नाही," काका म्हणाले. "चाली कुठे लिहिलेल्या नाहीत. माझ्या मुलीला मराठी समजतं, गाता येत नाही. एकदा लोकांपुढे सगळं म्हणून टाकलं म्हणजे झालं."

"आजवर कधी केलं का नाहीत?"

"मी झांज धरणारा माणूस."

मी म्हटलं, या आठवड्याच्या यादीत घालू या. त्यांनी मान हलवली. यादी करणाऱ्याने स्वतःचं नाव यादीत घातलं की ती यादी राहत नाही, जाहिरात होते, असं म्हणाले. "मग लोकांना कळणार कसं?" यावर त्यांनी खांदे उडवले. त्यांनी चर्चचा हॉल घेतला होता, रविवार, दुपारी तीन. आजोबा पेटी वाजवणार होते. आणि कोणी आलं नाही तर?

"मग तुम्ही दोन टोकांना बसा," ते म्हणाले, पण हसले नाहीत.

मला त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्पष्ट सांगितलं की यादी तुमची असली तरी बोर्ड माझा आहे. मी वेगळा कागद लावला, "रविवारी तीन वाजता" असा. काका त्या कागदाकडे न बघता आपली यादी देऊन गेले. इथवर ठीक होतं. पण ईमेलची यादी टाइप करताना मला आमची माणसं आठवली. तीन लिहिलं तर चार वाजेपर्यंत हॉल रिकामा राहणार, आणि काका तर तीनच्या ठोक्याला सुरू करणार. आत्याचं अर्धं आख्यान रिकाम्या खुर्च्यांना ऐकवून संपणार. म्हणून मी यादीत शेवटी एक ओळ घातली, काकांच्या पद्धतीने, आणि वेळ लिहिली दोन. मनात म्हटलं, दोनचे तीन होतीलच.

रविवारी आम्ही काकांना त्यांच्या अपार्टमेंटवरून घेतलं. मागच्या सीटवर पेटी, माझ्या मांडीवर आमचं पातेलं, त्यात मलिदा. मलिदा म्हणजे पोहे, गूळ आणि ओलं खोबरं. त्यांच्याकडे शुभकार्याला करतात. काकांनी एका हाताने केला होता, नारळ मात्र आजोबांनी खवून दिला होता. अडीचला आम्ही पार्किंगमध्ये वळलो तर गाडी लावायला जागा नाही.

काका पुढे वाकून बघायला लागले. "इतक्या गाड्या? कोण गेलं?"

त्यांना वाटलं चर्चमध्ये अंत्यविधी आहे. मग आम्हाला बंद दारापुढे आपली माणसं दिसली. जाड पार्का-कोट, टोप्या, लाल झालेली नाकं, जागच्या जागी पाय आपटत असलेली मुलं. मंडळाची निम्मी घरं. मंडळाच्या तेव्हाच्या अध्यक्ष नागपूरच्या होत्या, त्या पुढे आल्या. "काका, किल्ली आणा ना लवकर. पावणेदोनपासून उभे आहोत आम्ही. मुलाची बोटं गोठली ना बाप्पा."

"पावणेदोनपासून? तुम्ही?"

"मग काय तर. दोनचं लिहिलं होतं. तुमच्या कार्यक्रमाला उशिरा यायची हिंमत आहे का कुणाची? दारातच उभं ठेवाल."

मागे कुणी तरी म्हणालं, "काका, मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा," आणि सगळे हसले. काका हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले.

"बाई, दोन कुणी लिहिलं?"

"मी."

"माझ्या यादीत?"

"हो."

त्यांनी उजव्या हाताने खिशातून किल्ली काढून दार उघडलं आणि लोकांना आत सोडलं. मी पातेलं घेऊन मागे उभी राहिले. आयुष्यात मला वरिष्ठांनी क्वचितच बोल लावला असेल, पण त्या न बोलण्याने मला जितकी लाज वाटली तितकी कधी वाटली नव्हती. चाळीस जण थंडीत उभे राहिले ते कागदावर विश्वास ठेवून, आणि कागदावर खोटं मी लिहिलं होतं.

आत सगळे बसले. कुणी तरी म्हणालं, करा सुरू. काका म्हणाले, "नाही. बोर्डवर तीन आहे. त्या हिशोबाने येणारे तीनला येतील." मग घड्याळाकडे बघून, "वीस मिनिटं आहेत. आलाच आहात तर नुसते बसू नका. ध्रुवपद शिका."

ध्रुवपद म्हणजे कीर्तनात पुन्हा पुन्हा येणारी ओळ. कीर्तनकार एकदा म्हणतो, मग सगळ्यांनी म्हणायचं. ते त्यांनी सांगितलं, गाऊन दाखवलं:

*दूर देशी राहिलो, देवा, तुझाच राहिलो.*

चाल साधी होती, "तुझाच"वर एकदा वर जाऊन हळू उतरणारी. काकांनी ती वीस मिनिटं घोटून घेतली. पुरुष वेगळे, बायका वेगळ्या. "मागची रांग, तोंड उघडा. घास नाही, गाणं आहे." मराठी वाचता न येणाऱ्या मुलांसाठी त्यांनी चर्चच्या फळ्यावर ती ओळ इंग्रजी अक्षरांत लिहिली. तीन वाजता बोर्ड वाचून गावातले लोक आले, बारा-पंधरा. गायकवृंदातल्या दोघी, गोधड्यांवाल्या बाई, कवी पोस्टमन. मुलांनी त्यांना फळा दाखवून सांगितलं, "जस्ट सिंग दॅट, इट्स ईझी."

तीनला काका उभे राहिले, एक झांज प्लॅस्टरबाहेरच्या बोटांत, दुसरी उजव्या हातात. वही आणली नव्हती, कारण आत्या कधी वही धरत नसे. आवाज आधी बारीक होता, मग मोकळा झाला. मराठीत म्हणत आणि मधूनमधून एखादं वाक्य इंग्रजीत सांगत. विहीर, व्यापारी, तुरुंग, राजाचं स्वप्न. ध्रुवपद आलं की सगळा हॉल म्हणायचा. मी कोपऱ्यात उभी होते.

भाऊ धान्य घ्यायला आले. योसेफ दुभाष्याला पुढे घालून त्यांच्याशी बोलला. भाऊ आपसात आपल्या भाषेत म्हणाले, आपण त्या पोराला विकलं त्याची ही शिक्षा आहे. योसेफाला ते कळलं. काकांनी ओळ उचलली, अर्धी म्हटली आणि थांबले.

आम्हाला वाटलं तसंच आहे. मग कळलं की तसं नाही. त्यांनी तीच अर्धी ओळ पुन्हा म्हटली आणि पुन्हा तिथेच थांबले. आजोबा पेटीवर एकच सूर धरून त्यांच्याकडे बघत राहिले. पुढची ओळ सांगेल असं त्या हॉलमध्ये कोणी नव्हतं. त्या हॉलमध्येच काय, आम्हाला माहीत असलेल्या जगात कोणी नव्हतं. काकांचा उजवा हात झांजेसकट खाली आला. त्यांनी दाराकडे बघितलं, आणि मला वाटलं आता ते माफ करा म्हणतील आणि बसतील.

तेव्हा नागपूरच्या बाईंनी बसल्या जागी ध्रुवपद सुरू केलं. त्यांच्या वडिलांच्या गावात देवळात कीर्तनं व्हायची आणि बुवांना ठसका लागला की लोक ध्रुवपद धरून ठेवायचे, असं त्यांनी मला मागाहून सांगितलं. दुसऱ्यांदा सगळ्या बायका, तिसऱ्यांदा सगळा हॉल. घाई नाही, आवाज चढवणं नाही. गायकवृंदातल्या दोघींनी खालचा सूर लावला. मुलं फळ्याकडे बघत म्हणत होती. कोणी काकांकडे टक लावून बघत नव्हतं, आणि मला वाटतं तीच त्यांची सगळ्यात मोठी मेहेरबानी होती. सातव्या फेरीपर्यंत मी मोजलं, मग सोडलं.

काकांचे डोळे मिटलेले होते. झांज हळूहळू वर आली, तालात मिसळली आणि मग त्यांनी हात वर केला. हॉल थांबला.

"योसेफ म्हणाला," ते गद्यातच बोलले, अगदी शेजारी बसलेल्याशी बोलावं तसं, "आता दुभाष्याला बाहेर जाऊ दे." आणि पुढची ओळ आली, आणि तिच्यामागून बाकीच्या सगळ्या, शेवटपर्यंत.

नंतर मलिदा वाटला, चहा झाला. लोक काकांच्या पाया पडत होते, ते लोकांना खुर्च्या नीट रचायला सांगत होते. माझ्याशी ते बोलले नाहीत. गाडीतही नाही. उतरताना आजोबांचा हात बराच वेळ हातात धरला आणि मला फक्त म्हणाले, "पातेलं गुरुवारी देतो."

गुरुवारी दहाला ते आले. धुतलेलं पातेलं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत शेवटची यादी. त्या आठवड्यात गावात नऊ कार्यक्रम होते. खाली रेघ मारून त्यांनी इंग्रजीत टाइप केलं होतं:

"दुरुस्ती. गेल्या आठवड्याच्या यादीत रविवारच्या कीर्तनाची वेळ दोन अशी छापली गेली. खरी वेळ तीन होती. दोन वाजता आलेल्यांना थंडीत उभं राहावं लागलं, याबद्दल यादी करणारा त्यांची माफी मागतो. ते तीनला आले असते तर त्याचं आख्यान पुरं झालं नसतं."

मी वाचून वर बघितलं. "काका, चूक माझी होती."

"यादी माझी होती," ते म्हणाले आणि टोपी कानावर ओढून बसच्या वेळेला निघून गेले.

मी तो कागद चारही कोपऱ्यांना टाचणी लावून बोर्डवर लावला. संध्याकाळी ईमेलमध्ये दुरुस्ती जशीच्या तशी टाइप केली. तिच्याखाली माझी एक ओळ घालावी असं फार वाटत होतं. बराच वेळ बोटं कीबोर्डवर ठेवून बसले आणि मग न घालताच पाठवून दिली.